भाचीनं ह्यूस्टनवरून संडे रायलीचं सिरम आणलंय, पण मालकिणीची केस वाचली. लेकीला लावू द्यावं का?

कटलरीवाली_परभणी

नमस्कार सगळ्यांना. जरा लांब लिहायलेय पण नीट वाचून सांगा, घरात दोन दिवसांपासून ह्याच्यावरूनच बोलणं चालूय.

माझ्या नणंदेची मुलगी ह्यूस्टनला असते. ती आत्ता सुट्टीत आली आणि माझ्या लेकीला लग्नासाठी म्हणून संडे रायली कंपनीचं गुड जीन्स नावाचं सिरम घेऊन आली. लग्न तुळशीचं लग्न झालं की पंधरा दिवसांत आहे. एवढीशी बाटली, ३० मिली, आणि किंमत ऐकून मी दोनदा विचारलं, ८५ डॉलरच्या आसपास म्हणे, म्हणजे आपले सात हजार. लेकीच्या गालावर पिंपल्सचे जुने डाग आहेत, ती स्कूटीवर कॉलेजला शिकवायला जाते तर हाताचा नि तोंडाचा रंग वेगळाच झालाय, म्हणून भाचीनं प्रेमानं आणलं. पंप दाबून थेंबभर हातावर घेतलं तर चक्क गवती चहाचा वास, आमच्या परसात बेटच आहे त्याचं, म्हणून लगेच कळालं.

तर लेकीनं लावायच्या आधी मोबाईलवर बघितलं आणि मला येऊन म्हणते, आई, ही कंपनी जिच्या नावानं आहे त्या बाईनंच कामावरच्या लोकांना खोट्या नावानं स्वतःच्या मालाची तारीफ लिहायला लावली होती, तिथल्या सरकारनं केस केली होती. आता ती म्हणते मी नाही लावणार. तिचे वडील म्हणतात सात हजाराची वस्तू आहे, बाईचं बाईपाशी, तू तुझं तोंड बघ. आणि भाची इथंच आहे अजून आठ दिवस, तिला काय सांगावं हेही कळेना.

मी हे एवढं मनावर का घेतलं ते सांगते. माझं २२ वर्षांपासून कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रबर-पिना, पावडर, क्रीम. बाई येते, डबी हातात घेते, झाकण फिरवून वास बघते, मागची किंमत बघते आणि मग डबी तशीच हातात धरून माझ्याकडं बघते. “ताई, कसंय हे?” एवढंच विचारते. माझं दुकान त्या विचारण्यावर चाललंय. मी नको म्हणलं तर ती ठेवून देते, आणि पुढच्या वेळी परत येते. आता जिला विचारायचं तीच जर विकणाऱ्याची माणूस निघाली तर त्या बाईनं जायचं कुणाकडं? म्हणून मला लेकीचं बोलणं पटायलंय, पण वस्तू चांगली असेल तर उगं टाकून देणं पण जिवावर येतंय.

दोन गोष्टी सांगा. वस्तू आणि मालकीण वेगवेगळं धरायचं का? आणि लग्नाला एवढे दिवस राहिले असताना हे लावावं का?

औसा_रोड_मेडिकल

ताई, मी फार्मसी केलेला माणूस आहे, लातूरला मेडिकल आहे माझं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण त्याला तारीख आहे.

त्या बाटलीत मुख्य काम करतं ते लॅक्टिक ॲसिड. दह्यात असतं तेच, पण ही ठरलेल्या प्रमाणातली बाटली, म्हणून कुणी दही चोपडायला सांगेल तर ते एक नाही. हे ॲसिड कातडीच्या वरच्या मेलेल्या थराला धरून ठेवणारा चिकटपणा सैल करतं, तो थर निघून जातो, खालची नवी कातडी वर येते, म्हणून तोंड उजळ दिसतं आणि डाग हळूहळू फिके होतात. हे काही जाहिरातीतलं नाही, स्किनचे डॉक्टर कित्येक वर्षांपासून वापरतात. त्यात ज्येष्ठमधाचा अर्क पण असतो, तो पण डागांसाठीच. म्हणजे बाटलीत माल आहे. आणि माझ्या माहितीप्रमाणं ती अमेरिकेतली केस रिव्ह्यूची होती, सिरमनं कुणाचं तोंड भाजलं अशी नव्हती, हे आधी डोक्यात घ्या.

पण. नवी कातडी उन्हाला कच्ची असते. हे लावणाऱ्याला ऊन जास्त लागतं, आणि बंद केल्यावरही आठवडाभर ते राहतं. तुमची मुलगी परभणीत स्कूटीवर फिरते, ऑक्टोबरचं ऊन काय असतंय ते तुम्हाला मी सांगायला नको. सनस्क्रीन न लावता हे लावलं तर डाग जायच्या ऐवजी वाढतील. दुसरं, हे चालू असताना तोंडाला वॅक्सिंग, ब्लीच करू नका, कातडी सोलून निघते. हळदीच्या दिवशी ओली हळद चोळतात ती पण झोंबंल. तिसरं, गवती चहाचं तेल काहींना सोसत नाही, कोपराच्या आत नाहीतर कानामागं थेंबभर लावून तीन दिवस बघा.

माझं मत विचाराल तर लग्नाच्या तोंडावर कुठलीच नवी वस्तू तोंडाला नको, सात हजाराची असो की सत्तर रुपयांची. लग्न झाल्यावर थंडीत लावू द्या. आणि बाटली तोवर दुकानात पत्र्याखाली ठेवू नका.

वजिराबादची

मेडिकलवाले दादा बोलले ते बरोबर आहे पण पहिल्या प्रश्नाला त्यांनी हातच लावला नाही आणि मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे.

मी ही केस तेव्हाच सगळी वाचली होती कारण मी स्वतः ह्यांचं लूना तेल घ्यायला दोन महिने पैसे साठवत होते आणि रोज रात्री सेफोराच्या, म्हणजे मेकअपचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानाच्या, साईटवर बसून लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचे. तर झालं असं की २०१८ मध्ये त्यांच्याकडं आधी काम केलेल्या कुणीतरी रेडिटवर, म्हणजे लोक नाव न सांगता लिहितात त्या साईटवर, एक आतला ईमेल टाकला, की बघा आम्हाला काय करायला लावायचे. कंपनीनं तेव्हा इन्स्टावर कबूल केलं की हो, असा ईमेल गेला होता, आणि वर म्हणे स्पर्धक पण वाईट रिव्ह्यू टाकतात. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी खात्यानं, तक्रार मांडली, कंपनीवर आणि संडे रायली ह्या बाईवर, दोघांवर. त्यात म्हणलंय की नोव्हेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१७ असे जवळजवळ दोन वर्षं मॅनेजर लोकांनी, शिकाऊ मुलांनी, आणि बाईनं स्वतः खोट्या नावानं रिव्ह्यू टाकले. जुलै २०१६ चा ईमेल तर बाईनं स्वतः पाठवलेला, प्रत्येकानं तीन-तीन खाती काढा, वेगवेगळ्या माणसाची. सेफोरानं काही रिव्ह्यू काढून टाकले तर ह्यांना वाटलं ऑफिसचं इंटरनेट ओळखलं, म्हणून व्हीपीएन घेतलं, म्हणजे इंटरनेट कुठून वापरतोय ते लपतं! आणि कुणी वाईट लिहिलं असेल तर त्याला नापसंतीचं बटण दाबा, पुरेसे झाले की तो रिव्ह्यू निघून जातो, विक्री वाढते, असं पण लिहिलं होतं.

मला सगळ्यात जास्त हे शेवटचं लागलं. खोटी तारीफ एक वेळ समजू शकते, प्रत्येक दुकानदार आपल्या मालाला चांगलंच म्हणतो. पण एखाद्या पोरीनं आपल्या पैशानं बाटली घेतली, तिच्या तोंडाला पुरळ आलं, तिनं बिचारीनं बाकीच्यांना सावध करायला चार ओळी लिहिल्या, आणि तुम्ही ऑफिसात बसून त्या चार ओळी पुसून टाकायच्या? त्या ओळी मला वाचायच्या होत्या. मी रात्री जागून त्याच शोधत होते.

आणि शिक्षा काय झाली तर दंड नाही, ज्यांनी घेतलं त्यांना पैसे परत नाहीत, चूक कबूल करायची पण गरज नाही, फक्त पुन्हा असं करू नका. पाचातल्या दोन कमिशनरांनी, चोप्रा आणि स्लॉटर, ह्याला विरोध करून लिहून ठेवलं की अशानं कुणालाच जरब बसणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तेच पक्कं झालं. मी ते तेल घेतलं नाही. पैशाचं पण नाही ताई, मला त्या नावाकडं बघवेना. तुमच्या लेकीचं मला शंभर टक्के पटतंय.

कोर्टाजवळ_बीड

एक दुरुस्ती. कंपनीनं आरोप मान्य न करता तडजोड केली, त्यामुळं “सिद्ध झालं” असं म्हणता येत नाही, तक्रारीत असं मांडलं होतं एवढंच म्हणा. ईमेल गेला होता हे मात्र कंपनीनंच मान्य केलं होतं ते खरंय. आणि त्यानंतर तिकडं नियम कडक झाले, ऑगस्ट २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूवर थेट बंदीचा नियम काढला आणि ऑक्टोबरपासून लागू केला, आता दंड करता येतो. म्हणजे जे दोघं विरोधात होते त्यांचं म्हणणं वाया गेलं नाही.

सिडको_एन७

मी हे गुड जीन्स वापरलंय, पुण्यात असताना रूमपार्टनरचं होतं. चांगलं आहे. सकाळी तोंड मऊ लागतं. पण पहिल्या दिवशी झोंबतं थोडं.

कटलरीवाली_परभणी

सिडकोच्या ताई धन्यवाद, तुम्ही झोंबतं हे पण लिहिलं म्हणून मला तुमचं खरं वाटलं. नुसतं छान छान लिहिलं असतं तर आता ह्या केसनंतर माझ्या मनात आलंच असतं की कुणास ठाऊक कोण लिहितंय. वाईट वाटायलंय असं म्हणताना.

जालन्याची_मोठी_सून

ताई तुम्ही लिहिलंय की बाई तुमच्याकडं बघून विचारते. मला त्यावरूनच लिहावं वाटलं. ओळखीच्या माणसाचं तोंड बघून घेतलेलं पण नेहमी खरं निघत नाही.

माझ्या लग्नाच्या आधी आमच्या ओळखीतल्या पार्लरवाल्या ताईनं एक पांढरी डबी दिली. तिच्यावर नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, नुसतं गुलाबाचं फूल छापलेलं. म्हणली पंधरा दिवसात बघ. आणि खरंच, पंधरा दिवसात मी अशी गोरी दिसायला लागले की सासरची माणसं बघायला आली तर आत्यानं आईला विचारलं काय लावती पोरगी. मग लग्नानंतर डबी संपली, आणि चार दिवसांत तोंड लाल, आग आग, चुलीपुढं उभं राहता येईना, बारीक बारीक पुळ्या, गालावर लव वाढली. परत लावलं की बरं. बंद केलं की परत आग. दोन वर्षं गेली माझी. शेवटी संभाजीनगरला स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी डबी बघितल्या बघितल्या सांगितलं की ह्यात स्टिरॉइड आहे, कातडी पातळ होऊन गेलीय, आता हळूहळू सोडवावं लागेल. आठ महिने लागले.

पार्लरवाल्या ताईला मी जाऊन विचारलं तर ती रडायला लागली, तिला पण माहीत नव्हतं, तिला कुणीतरी आणून दिलेलं आणि तिनं स्वतःच्या बहिणीला पण तेच दिलं होतं. म्हणजे तिनं फसवलं नाही, ती मनापासूनच सांगत होती. पण माझं तोंड तर जळालंच ना.

अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींची बातमी पेपरात आली होती, क्रीम लावून किडनीला त्रास झाला, क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरमकडं पण तसे बरेच पेशंट सापडले. आपल्याकडं कायद्यानं क्रीममध्ये पारा चालतच नाही, चुकून आलाच तर दहा लाखात एक भाग इतकाच, आणि त्या डब्यांत त्याच्या कितीतरी पट. तर माझं एवढंच म्हणणं आहे की सात हजाराच्या बाटलीवर निदान मागं सगळं लिहिलेलं तरी आहे. कंपनीचं नाव आहे, तिच्यावर केस करता येते. माझ्या गुलाबाच्या फुलावर कुणी केस करायची?

औसा_रोड_मेडिकल

जालन्याच्या ताई, तुम्ही हे लिहिलं ते फार बरं केलं. अशा पोरी माझ्या काउंटरला आठवड्याला येतात, हातात कागदावर क्रीमचं नाव, मैत्रिणीनं सांगितलं म्हणून. त्यातली निम्मी स्टिरॉइडची असतात, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊच नयेत असा नियम आहे २०१८ पासून, मी देत नाही, तर पुढच्या मेडिकलवर जातात.

डबीवर काय बघायचं ते सांगतो. भारतात बनलेली असेल तर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायची ते, आणि आतले घटक. बाहेरून मागवून इथं विकत असतील तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणीचा नंबर पण लागतो, २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये आहे. परभणीच्या ताईंच्या भाचीनं तिकडच्या दुकानातून आणलीय तर तिच्यावर आपल्याकडचा आयातदार नसणार, ते ठीक आहे. पण हीच बाटली कुणी इथं ऑनलाईन अर्ध्या किमतीत देत असेल आणि आयातदाराचं नाव नसेल तर आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

उस्मानपुरा_जुना

मी इतके दिवस नुसता वाचत असतो, पण ह्यावर मला लिहिलंच पाहिजे.

मी इंजिनिअरिंगला असताना पैसे घेऊन रिव्ह्यू लिहिले आहेत. उस्मानपुऱ्यात चार जण रूम करून राहायचो, मेसचे पैसे घरून वेळेवर यायचे नाहीत, बाबांची सोयाबीन त्या वर्षी पावसात गेली होती. एकानं टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतलं. तिथं रोज यादी यायची, फेसवॉश, ट्रिमर, चार्जर, केसाचं तेल, काय वाट्टेल ते. आपण आपल्या पैशानं वस्तू मागवायची, ती आली की पाच स्टार देऊन लिहायचं, फोटो टाकायचा, रिव्ह्यू दिसायला लागला की त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर पाठवायचा, मग ते वस्तूचे पैसे परत करायचे आणि वर तीस-चाळीस रुपये द्यायचे. वस्तू आपल्यालाच. कसं लिहायचं ते पण सांगायचे. एकदम पहिल्याच दिवशी टाकू नका, आठ दिवस थांबा. “आधी मला पण शंका होती” असं लिहा. आईसाठी घेतलं असं लिहा. एक छोटीशी तक्रार घाला, पॅकिंग दबलेलं होतं, डिलिव्हरी उशिरा आली, म्हणजे खरं वाटतं.

परभणीच्या ताई, तुम्ही वर लिहिलं ना की झोंबतं लिहिलं म्हणून खरं वाटलं, ते वाचून माझ्या पोटात कालवलं. सिडकोच्या ताईंवर माझा अजिबात संशय नाही, त्या खऱ्याच असतील. पण आम्ही तेच करायचो. खऱ्या माणसासारखं दिसायला जे जे लागतं ते आम्ही शिकून घेतलं होतं.

बंद कसं केलं ते सांगतो. गावाकडं गेलो तर बहिणीनं डोक्याचं एक तेल मागवलेलं. तिचे बाळंतपणानंतर केस फार गळायचे, कंगव्यात गुंताच्या गुंता यायचा. मला म्हणली दादा, बाराशेचं आहे पण बघ किती लोकांनी चांगलं लिहिलंय, आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. मी वाचत गेलो. चौथा का पाचवा रिव्ह्यू माझा होता. “माझ्या बहिणीला बाळंतपणानंतर खूप फरक पडला.” त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेला, बहिणीचं बाळंतपण तेव्हा खरंच झालेलं होतं म्हणून सुचला. तिनं तो वाचूनच तेल घेतलं होतं. नाव दुसरं होतं म्हणून तिला कळालं नाही. मी तिला तेव्हा सांगू शकलो नाही, दोन वर्षांनी सांगितलं. ती काहीच बोलली नाही, उठून आत गेली, चहा केला आणि मला आणून दिला.

म्हणून मला त्या अमेरिकेतल्या बाईचं जेव्हा कळालं तेव्हा तिनं ज्या पोरांना हे लिहायला बसवलं त्यांचाच विचार मी केला. शिकाऊ पोरं. नवी नोकरी. मालकीण स्वतः सांगते तीन खाती काढा, तर कोण नाही म्हणणार? आणि मला तो ईमेल रेडिटवर टाकणारा माणूस फार मोठा वाटतो, माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

आपल्याकडं २०२२ च्या नोव्हेंबरात बीआयएसनं, म्हणजे आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेनं, रिव्ह्यूंसाठी एक मानक काढलं, आयएस १९०००, त्यात विकत घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत असं आहे, पण ते कंपनीनं आपल्या मर्जीनं पाळायचं. ते ग्रुप माझ्या माहितीत अजून चालू आहेत, पोरं तीच आहेत, फक्त रूम बदललीय.

तुम्ही विचारलं वस्तू आणि मालकीण वेगळं धरायचं का. सिरम चांगलं असेलही, मेडिकलवाले दादा सांगतात तर आहेच. मला तर त्यातच जास्त वाईट वाटतं. चांगली वस्तू होती, लोकांनी आपोआप चांगलं लिहिलं असतं, थोडा वेळ लागला असता. तेवढं थांबता आलं नाही.

वजिराबादची

उस्मानपुरा दादा, तुम्ही लिहिलंत हे सोपं नाही. बहिणीला सांगितलंत हे चांगलं केलंत.

मी वर जरा रागात लिहिलं होतं. पण राग आहेच. लिहायला लावणाऱ्यावर आहे, लिहिणाऱ्यावर नाही.

कोर्टाजवळ_बीड

कुणाची अशी फसवणूक झाली असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पैसे घेऊन तारीफ करणाऱ्या इन्स्टावाल्यांना पण आता ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. नसेल लिहिलं तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास. लोक तक्रारच करत नाहीत म्हणून चालतं सगळं.

कटलरीवाली_परभणी

सगळ्यांचं वाचलं, लेकीला पण वाचून दाखवलं. उस्मानपुऱ्याच्या भाऊचं वाचताना मध्येच थांबले मी, पुढचं तिनं वाचलं.

मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं तसं कोपराच्या आत थेंबभर लावून बघितलं. आज तिसरा दिवस, लाल नाही, खाज नाही. पण आता लग्न होईपर्यंत तोंडाला लावायचं नाही असं दोघींचं ठरलं, बाटली फ्रिजच्या दारात ठेवलीय. पुढं लावायची की नाही ते तिचं ती ठरवंल, मी काही म्हणणार नाही. भाचीला मीच सांगितलं सगळं. मला वाटलं रुसंल, तर ती म्हणली मामी, मी पण रिव्ह्यू बघूनच घेतलं होतं, मला कुणी बोललंच नाही हे. मग रात्री दोघी बहिणी गच्चीवर बसून तीच केस वाचत होत्या मोबाईलवर.

आणि एक सांगायचं राहिलं. माझ्या काउंटरवर गेल्या दिवाळीपासून एका क्रीमचा पुठ्ठ्याचा बोर्ड आहे, सेल्समननं आणून लावलेला, “परभणीतील महिलांची पहिली पसंती” असं मोठ्या अक्षरात. मी कधी नीट वाचलाच नव्हता. परभणीतल्या कुठल्या महिलांना विचारलं होतं त्यानं? मला तर नाही विचारलं, माझ्या गिऱ्हाइकांना पण नाही. काल सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्यांदा तो काढला. मागं चिकटपट्टीचे डाग राहिलेत काचेवर, ते रॉकेलनं पुसायलेय, निघायलेत हळूहळू.

जालन्याच्या ताई, ती फुलाची पांढरी डबी कुठल्या आकाराची होती, झाकण कसं होतं ते सांगाल का? आमच्या गल्लीत एका पार्लरमध्ये अशीच एक बघितल्यासारखी वाटते. फोटो असेल तर टाका, मी आजच जाऊन तिच्याशी बोलते.